अमेरिकेतले ग्रामीण विमानतळ आणि तिकिटावरचा सेगमेंट कर: पात्रता तपासायची कशी?

अमेरिकेत देशांतर्गत विमानाचं तिकीट काढलं की मूळ भाड्याखाली कर आणि शुल्कांच्या चार-पाच ओळी येतात. त्यातली एक ओळ सेगमेंट कराची असते. विमान एकदा उडालं आणि एकदा उतरलं की एक सेगमेंट, म्हणजे प्रवासाचा एक टप्पा. २०२५ मध्ये या कराचा दर प्रत्येक प्रवाशामागे, प्रत्येक टप्प्याला ५ डॉलर २० सेंट होता. टप्प्याचं एक जरी टोक कायद्याने ठरवलेल्या 'ग्रामीण विमानतळा'वर असेल, तर त्या टप्प्यापुरता हा कर माफ होतो.

माफी एवढीच आहे. तरी तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. काहींना वाटतं की गाव लहान, आजूबाजूला मक्याची शेतं, म्हणजे विमानतळ आपोआप ग्रामीण. काहींना वाटतं की ग्रामीण म्हटल्यावर तिकिटावरचा सगळा केंद्रीय करच जातो. दोन्ही समज चूक आहेत. पात्रता गावाच्या रूपावर ठरत नाही. ती प्रवाशांची संख्या, विशिष्ट वर्ष आणि अंतर किंवा रस्ता यांवर ठरते.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले म्हणजे अमेरिकेतल्या छोट्या गावांत राहणारे आपले लोक. यात लहान विद्यापीठांमधले विद्यार्थी आहेत. जे-१ व्हिसावरची मायदेशी परतण्याची अट माफ व्हावी म्हणून तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात नोकरी करणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्याकडे पुण्या-नाशिकहून येणारे आईवडीलही आहेत. दुसरे म्हणजे चार्टर, म्हणजे अख्खं विमान भाड्याने देणाऱ्या, कंपन्यांचे हिशोब बघणारे आणि तिकिटं काढून देणारे एजंट. पहिल्यांचे चार-दहा डॉलर पणाला असतात. दुसऱ्यांवर मात्र कायदेशीर जबाबदारी येते.

आधी कराची रचना

अमेरिकेच्या अंतर्गत महसूल संहितेतलं कलम ४२६१ विमानप्रवाशांवर तीन वेगवेगळे कर लावतं. पहिला म्हणजे देशांतर्गत भाड्यावर ७.५ टक्के. दुसरा देशांतर्गत टप्प्यांवरचा ठोक सेगमेंट कर. तिसरा आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीचा ठोक कर, जो २०२५ मध्ये अमेरिकेत येताना २२ डॉलर ९० सेंट आणि जातानाही तेवढाच होता. मालवाहतुकीवरचा ६.२५ टक्के कर वेगळ्या कलमात येतो आणि ग्रामीण विमानतळाशी त्याचा काही संबंध नाही. हा सगळा पैसा विमानतळ आणि हवाई मार्गांसाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या विश्वस्त निधीत जमा होतो.

ग्रामीण विमानतळाची सवलत या तिघांपैकी फक्त दुसऱ्या कराला आहे. ७.५ टक्के कर कॅन्ससच्या माळावरच्या धावपट्टीलाही लागतो आणि न्यूयॉर्कलाही.

मग ही सवलत आलीच का, हे समजलं की पुढचे नियम लक्षात ठेवणं सोपं जातं. १९९७ पर्यंत तिकिटावर सरळ १० टक्के कर होता. ५ ऑगस्ट १९९७ रोजी मंजूर झालेल्या 'टॅक्सपेअर रिलीफ ॲक्ट'ने टक्केवारी हळूहळू ७.५ वर आणली आणि जोडीला प्रत्येक टप्प्यामागे ठोक रक्कम ठेवली. ती २००२ पर्यंत ३ डॉलर झाली आणि त्यानंतर महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी बदलत गेली. ठोक कराचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ९० डॉलरच्या भाड्यावर ५ डॉलर २० सेंट म्हणजे जवळजवळ पावणेसहा टक्के, तर ६०० डॉलरच्या भाड्यावर तीच रक्कम एक टक्काही भरत नाही. शिवाय मोठ्या शहरातला प्रवासी थेट विमानाने एका टप्प्यात पोहोचतो. लहान गावातल्या माणसाला मात्र आधी जवळच्या मोठ्या विमानतळावर जावं लागतं आणि तिथून पुढचं विमान धरावं लागतं, म्हणजे किमान दोन टप्पे आलेच. ज्याच्या दाराशी विमानसेवा सर्वांत कमी, त्याच्याच माथी सर्वांत जास्त ठोक कर, असा हा उलटा न्याय झाला असता. ही सवलत योग्यच आहे असं माझं मत आहे, आणि म्हणूनच ती ज्यांना लागू आहे त्यांना बिनचूक मिळावी असंही वाटतं.

पहिली पायरी: टप्पे मोजा

टप्पा म्हणजे एक उड्डाण आणि एक उतरणं. विमान बदललं की नाही, यावर ते ठरत नाही. एकाच क्रमांकाचं विमान वाटेत एका गावी थांबून पुढे जात असेल आणि तुम्ही जागेवरून उठलाही नसाल, तरी टप्पे दोन होतात. छोट्या गावांच्या सेवांमध्ये असं वारंवार घडतं, कारण एकच विमान दोन गावं घेत मोठ्या विमानतळावर जातं.

प्रत्येक टप्पा स्वतंत्र तपासायचा. नेवार्क ते शिकागो आणि शिकागो ते एखादा ग्रामीण विमानतळ असा प्रवास असेल, तर माफी फक्त दुसऱ्या टप्प्याला मिळते. पहिल्याची दोन्ही टोकं मोठ्या शहरांत आहेत, तेव्हा त्यावर कर लागणारच. अंतिम मुक्काम ग्रामीण आहे म्हणून सगळं तिकीट सेगमेंट करातून सुटत नाही. एजंटांच्या हिशोबात सर्वांत जास्त चूक इथेच होते.

आणखी एक बारकावा. ठरलेल्या विमानांचं तिकीट काढल्यावर मार्ग बदलला, टप्प्यांची संख्या बदलली, पण भाडं तेच राहिलं, तर कर मूळ तिकिटाप्रमाणेच राहतो. बर्फवृष्टीमुळे कंपनीने तुम्हाला डेन्व्हरऐवजी दोन थांबे घेऊन नेलं म्हणून वाढीव सेगमेंट कर कोणी मागू शकत नाही.

दुसरी पायरी: विमानतळ निकषांत बसतो का?

पहिली अट सर्वांना सारखी आहे. त्या विमानतळावरून, ज्या वर्षासाठी पात्रता तपासायची त्याच्या मागच्या वर्षाच्याही आधीच्या कॅलेंडर वर्षात, १,००,००० पेक्षा कमी व्यावसायिक प्रवासी विमानाने निघालेले असले पाहिजेत. म्हणजे २०२५ ची पात्रता तपासायची तर २०२३ चे आकडे बघायचे, आणि २०२६ साठी २०२४ चे. मोजणी फक्त निघालेल्या प्रवाशांची होते, उतरलेल्यांची नाही. विमानतळ आपल्या जाहिरातीत आलेले आणि गेलेले मिळून 'वर्षाला दीड लाख प्रवासी' असं लिहीत असेल, तर निघालेले साधारण पाऊण लाखच असतील आणि तो या अटीत सहज बसेल.

ही अट पूर्ण झाली की पुढच्या तीन अटींपैकी कोणतीही एक पुरी व्हावी लागते.

एक अट अंतराची आहे. ७५ मैलांच्या आत, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरच्या आत, असा दुसरा विमानतळ नसावा जिथून त्याच मोजणीच्या वर्षात १,००,००० किंवा अधिक प्रवासी निघाले. तो दुसरा विमानतळ शिकागो किंवा डॅलससारखा अवाढव्य असायची गरज नाही. वर्षाला लाख-सव्वा लाख प्रवाशांचा मध्यम गावातला विमानतळही पुरतो. त्यामुळे एक विचित्र वाटणारी, पण नियमात चपखल बसणारी गोष्ट होते: तुमच्या विमानतळावर काहीच बदललेलं नसताना शेजारच्या गावची वाहतूक लाखाच्या वर गेली, की तुमची पात्रता जाऊ शकते. शेजाऱ्याची वाहतूक घटली, तर ती परतही येऊ शकते.

दुसरी अट इतिहासातल्या एका तारखेची आहे. तो विमानतळ ५ ऑगस्ट १९९७ रोजी 'इसेन्शियल एअर सर्व्हिस' योजनेचं अनुदान घेत असला पाहिजे. १९७८ मध्ये अमेरिकेने विमानसेवा नियंत्रणमुक्त केली आणि कंपन्यांना हवे ते मार्ग निवडायची मोकळीक दिली. लहान गावांची सेवा बंद पडू नये म्हणून त्याच वेळी ही अनुदान योजना आणली गेली. आजही मिसूरीतलं कर्क्सव्हिल, कॅन्ससमधलं डॉज सिटी अशी गावं तिच्या आधाराने विमानमार्गांशी जोडलेली आहेत. करसवलतीसाठी मात्र आज अनुदान आहे का, हा प्रश्नच नाही. त्या एका दिवशी होतं का, एवढंच बघायचं. २०१० मध्ये योजनेत आलेल्या गावाला या अटीचा उपयोग नाही. उलट, त्या दिवशी अनुदान घेणाऱ्या गावाच्या बाबतीत शेजारी ४० मैलांवर मोठा विमानतळ असला तरी ही अट पुरी होते. अट मग फक्त प्रवासी लाखाच्या खाली राहण्याची उरते.

तिसरी अट रस्त्याची आहे आणि ती मुख्यतः अलास्कासाठी आहे. विमानतळ दुसऱ्या कोणत्याही विमानतळाशी पक्क्या, म्हणजे डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्याने जोडलेला नसावा. २००५ च्या कायद्याने ही अट आणली आणि तिच्यासोबत मोजणीची खास पद्धतही दिली: अशा विमानतळाच्या बाबतीत १,००,००० च्या मर्यादेसाठी फक्त १०० मैल किंवा त्याहून लांबच्या टप्प्यांवर निघालेले प्रवासी मोजायचे.

ही पद्धत का लागली, हे बेथेलकडे बघितल्यावर कळतं. नैर्ऋत्य अलास्कातलं हे गाव कुस्कोक्विम नदीच्या काठी आहे आणि राज्याच्या रस्त्यांच्या जाळ्याशी जोडलेलं नाही. हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावरून गाड्या धावतात, पण तो काही पक्का रस्ता नव्हे. अँकरेज इथून सुमारे ४०० मैल. आसपासच्या पन्नासएक खेड्यांना दवाखाना, किराणा, टपाल, शाळेच्या स्पर्धा या सगळ्यासाठी बेथेलच लागतं, आणि तिथे जायचं साधन म्हणजे छोटं विमान. आपल्याकडे तालुक्याच्या गावी एसटीने जावं तसा हा प्रवास. या फेऱ्यांमुळे निघालेल्या प्रवाशांचा आकडा फुगतो, पण त्यामुळे गाव काही कमी दुर्गम होत नाही. समजा, अशा एखाद्या विमानतळावरून वर्षाला १,३०,००० प्रवासी निघाले आणि त्यातले ६०,००० शंभर मैलांच्या आतल्या खेड्यांना गेले. मोजणीत ७०,०००च धरले जातात आणि विमानतळ पात्र ठरतो.

पण रस्ता नाही म्हणून सूट आपोआप मिळते असंही नाही. अलास्काची राजधानी जुनो रस्त्याने बाहेरच्या जगाशी जोडलेली नाही. तिथे बोटीने किंवा विमानानेच पोहोचता येतं. तरी तिथून सिॲटल आणि अँकरेजला जाणारे प्रवासी इतके आहेत की लांबचेच टप्पे मोजले तरी आकडा लाखाच्या पुष्कळ वर जातो. जुनो ग्रामीण ठरत नाही.

तिसरी पायरी: अधिकृत यादी आणि योग्य वर्ष

एवढं वाचून कोणी नकाशा आणि मोजपट्टी घेऊन बसेल, तर त्याला थांबवायला हवं. अमेरिकेचा परिवहन विभाग पात्र विमानतळांची यादी आपल्या संकेतस्थळावर देतो, आणि विमानप्रवासावरच्या कराविषयीच्या आपल्या पुस्तिकेत, म्हणजे प्रकाशन ५१० मध्ये, आयआरएस (अमेरिकेची केंद्रीय कर यंत्रणा) त्याच यादीकडे बोट दाखवते. ७५ मैल रस्त्याने की हवेतून, वैमानिकांचे सागरी मैल की साधे, असले वाद घालण्यापेक्षा यादीत नाव आहे की नाही ते बघा. निकष समजून घ्यायचे ते यादीतला बदल का झाला हे कळावं आणि शंका आल्यास योग्य प्रश्न विचारता यावा म्हणून.

यादी बघताना तीन गोष्टी सांभाळा.

यादी कोणत्या वर्षाची आहे, ते वरच्या ओळीत तपासा. शोधयंत्रात जुनी यादी आधी वर येते आणि लोक तीच उतरवून घेतात.

विमानतळ नावाने शोधू नका, तीन अक्षरी संकेताने शोधा. अमेरिकेत एकाच नावाची गावं अनेक राज्यांत आहेत. शिवाय कित्येक विमानतळांना गावाचं नाव नसून परगण्याचं किंवा एखाद्या व्यक्तीचं नाव असतं.

आणि पात्रता ही ज्या कॅलेंडर वर्षात तो टप्पा सुरू होतो किंवा संपतो त्या वर्षाची बघायची, तिकीट कधी काढलं त्या वर्षाची नाही. कराच्या दराचा नियम मात्र याच्या उलट आहे. पुढच्या वर्षाच्या देशांतर्गत टप्प्यासाठी या वर्षी पैसे भरले, तर दर पैसे भरले त्या वर्षाचा लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये जानेवारी २०२६ चं तिकीट काढलं असेल, तर दर २०२५ चा, ५ डॉलर २० सेंट, आणि विमानतळ ग्रामीण आहे का हे मात्र २०२६ च्या यादीवरून. नाताळच्या सुटीतली तिकिटं नेमकी या सांध्यावर येतात, म्हणून डिसेंबरमध्ये तिकिटं काढणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

दोन वर्षं मागचे आकडे धरल्याने काय होतं, याचं ठळक उदाहरण कोविडने दिलं. २०२० मध्ये विमानं रिकामी धावली. मार्चअखेरपासून वर्षअखेरपर्यंत भरलेल्या भाड्यांवरचे हे प्रवासी कर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तेव्हा स्थगितच केले होते. वाहतुकीतल्या त्या घसरणीचा परिणाम ग्रामीण दर्जावर उमटला तो २०२२ मध्ये, कारण २०२२ साठी २०२० चे प्रवासी मोजायचे होते. काही विमानतळ स्वतः लाखाच्या खाली आले आणि काहींच्या बाबतीत ७५ मैलांच्या आतला शेजारी लाखाच्या खाली आला. तोपर्यंत लोक पुन्हा भरभरून प्रवास करू लागले होते. म्हणून एखादा विमानतळ एका वर्षी यादीत होता यावरून तो पुढच्या वर्षीही असेल असं धरू नका. दर जानेवारीत नव्याने बघा.

चौथी पायरी: तिकिटावर काय शोधायचं

तिकिटाच्या पावतीवर 'करांचा तपशील' उघडा. तिथे दोन-दोन अक्षरी संकेत दिसतात. 'यूएस' म्हणजे भाड्यावरचा ७.५ टक्के कर, 'झेडपी' म्हणजे सेगमेंट कर, 'एवाय' म्हणजे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लागू झालेलं सुरक्षा शुल्क आणि 'एक्सएफ' म्हणजे विमानतळाचं प्रवासी सुविधा शुल्क, जे एका विमानतळाला जास्तीत जास्त ४ डॉलर ५० सेंट असतं. सुरक्षा शुल्क एका दिशेच्या प्रवासाला ५ डॉलर ६० सेंट आहे. २०२५ च्या सेगमेंट कराच्या रकमेशी ते इतकं मिळतंजुळतं आहे की घाईत एकाच्या जागी दुसरं वाचलं जातं. ग्रामीण विमानतळाच्या व्याख्येचा संबंध फक्त 'झेडपी'शी आहे. बाकीच्या ओळी तशाच राहिल्या म्हणून सवलत नाकारली असं समजू नका.

'झेडपी'ची रक्कम घ्या आणि एका टप्प्याच्या दराने भागा. जो आकडा येईल तेवढ्या टप्प्यांवर कर घेतला आहे. तो पहिल्या पायरीत मोजलेल्या करपात्र टप्प्यांशी जुळला पाहिजे.

एक पूर्ण हिशोब करून बघू. नेवार्क–शिकागो–ग्रामीण विमानतळ, कराशिवाय भाडं ३०० डॉलर, दर २०२५ चा. ७.५ टक्के म्हणजे २२ डॉलर ५० सेंट. पहिला टप्पा करपात्र, ५ डॉलर २० सेंट. दुसरा माफ. दोन्ही कर मिळून २७ डॉलर ७० सेंट. विमानतळ ग्रामीण नसता तर ३२ डॉलर ९० सेंट झाले असते. परतीच्या प्रवासासह एका माणसाचे १० डॉलर ४० सेंट वाचले, चौघांच्या कुटुंबाचे ४१ डॉलर ६० सेंट.

तिकीट विमान कंपनीच्या बक्षीस योजनेतल्या मैलांच्या बदल्यात मिळालेलं असेल तर हा प्रश्नच येत नाही. देशांतर्गत बक्षीस तिकिटावर सेगमेंट कर लागत नाही आणि बहुधा फक्त सुरक्षा शुल्क भरावं लागतं. सामानासाठी वेगळे घेतलेले पैसेही ७.५ टक्क्यांच्या हिशोबात येत नाहीत.

भारतातून येणाऱ्यांसाठी

मुंबईहून नेवार्क किंवा शिकागो, आणि तिथून पुढे छोट्या गावी, असा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर वेळापत्रकातलं मधलं अंतर बघा. आंतरराष्ट्रीय विमान उतरणं आणि देशांतर्गत विमान सुटणं यांत १२ तासांपेक्षा जास्त वेळ नसेल, तर कायदा संपूर्ण प्रवासाला अखंड आंतरराष्ट्रीय प्रवास मानतो. मग देशांतर्गत टप्प्यावर ना ७.५ टक्के, ना सेगमेंट कर. विमानतळ ग्रामीण आहे की नाही, हे तपासायचीही गरज उरत नाही. येण्याजाण्याचा आंतरराष्ट्रीय ठोक कर मात्र लागतो आणि त्याला ग्रामीण सवलत नाही.

मधे चार दिवस न्यू जर्सीत बहिणीकडे राहून मग लेकाच्या गावी जाणार असाल, तर पुढचा प्रवास देशांतर्गत धरला जातो आणि तिथे ही सगळी तपासणी लागू होते. देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं, तर विकणाऱ्या कंपनीला तुम्ही मुंबईहून आलात हे ठाऊक नसतं आणि ती साधारणपणे देशांतर्गत करच लावते. आईवडिलांसाठी तिकिटं काढताना शक्यतो सगळं एकाच तिकिटावर, १२ तासांच्या आत जोडलेलं घ्या, असं मी सुचवेन. कर तर वाचतोच. पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारीही कंपनीवर राहते, आणि परदेशात पहिल्यांदा येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी तो आधार करापेक्षा मोठा आहे.

चार्टर आणि छोट्या कंपन्यांचा हिशोब

भाड्याने घेतलेल्या विमानालाही हेच कर लागतात, आणि इथे कर मोजून गोळा करण्याचं काम त्या कंपनीलाच करावं लागतं. उदाहरण: आठ प्रवाशांसाठी १२,००० डॉलरचं चार्टर, एका मोठ्या शहरातून ग्रामीण विमानतळावर आणि परत. ७.५ टक्के म्हणजे ९०० डॉलर, त्यात सूट नाही. सेगमेंट कर प्रत्येक प्रवाशाला प्रत्येक टप्प्यामागे लागतो. विमानतळ ग्रामीण नसता तर ८ गुणिले २ गुणिले ५.२०, म्हणजे ८३ डॉलर २० सेंट झाले असते. ग्रामीण असल्याने शून्य.

विमान प्रवाशांना घ्यायला रिकामं गेलं आणि त्याचे पैसे ग्राहकाकडून घेतले, तर त्या रकमेवर ७.५ टक्के कर आहे. सेगमेंट कर नाही, कारण विमानात प्रवासीच नाहीत. वैमानिक आणि कर्मचारी प्रवाशांत धरायचे नाहीत.

काही उड्डाणं मुळातच या करांच्या बाहेर आहेत. ठरलेल्या मार्गावर नियमित न धावणारं, जेट नसलेलं, उड्डाणाच्या वेळी प्रमाणित कमाल वजन ६,००० पौंड किंवा कमी असलेलं विमान त्यात येतं. पाण्यावरून उडून पाण्यावरच उतरणारी सी-प्लेनही, त्या जागांना विश्वस्त निधीतून मदत मिळालेली नसेल तर, सुटतात. अशा वेळी ग्रामीण यादी उघडण्याआधीच काम झालेलं असतं, म्हणून हे आधी तपासा.

गोळा केलेला कर तिमाही फॉर्म ७२० वर, आयआरएस क्रमांक २६ च्या ओळीत दाखवायचा. मुदती ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी. तोवर पैसे आपल्याकडे ठेवता येत नाहीत. ठरलेल्या अर्धमासिक मुदतींप्रमाणे ते सरकारकडे जमा करावे लागतात.

चुकीने सूट दिली आणि कर घेतलाच नाही, तर ती रक्कम विमानसेवा देणाऱ्या कंपनीच्या अंगावर येते. कर घेतला आणि जाणूनबुजून भरला नाही, तर जबाबदार व्यक्तींवर त्या रकमेएवढा दंड बसू शकतो. म्हणून प्रत्येक सूट दिलेल्या टप्प्यासोबत त्या वर्षाच्या यादीची प्रत, विमानतळाचा संकेत, उड्डाणाची तारीख आणि प्रवाशांची नावांची यादी ठेवा. संकेतस्थळावरची यादी पुढे बदलते, तेव्हा नुसता दुवा जपून उपयोग नाही. पानाची प्रत तारखेसह जपा.

कर जास्त कापला गेला असेल तर

प्रवाशाने आधी तिकीट विकणाऱ्याकडे जावं. विमानतळाचा संकेत, टप्प्याची तारीख, 'झेडपी'ची रक्कम आणि त्या वर्षाच्या यादीतली ओळ एवढं एका पत्रात लिहिलं की बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. एजंटामार्फत काढलेलं असेल तर आधी एजंट, मग कंपनी. कंपनीने पैसे परत केले, तर ती आपला दावा सरकारकडे करते. ते जमलंच नाही, तर आयआरएसकडे एक्साइज कराच्या, म्हणजे याच प्रकारच्या करांच्या, परताव्यासाठी फॉर्म ८८४९ आहे. पाच डॉलरसाठी हे कोणी करणार नाही, हे मान्य. पण दर महिन्याला त्याच गावी माणसं पाठवणाऱ्या इस्पितळाने किंवा विद्यापीठाच्या विभागाने वर्षभराची तिकिटं एकत्र तपासली, तर ते सार्थकी लागतं.

भारतातल्या 'उडान' योजनेशी याची गल्लत करू नका. एप्रिल २०१७ मध्ये शिमला–दिल्लीच्या बरोबरीने नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं, ते याच योजनेखाली. तिथे करसवलतीचा मोठा भाग विमानाच्या इंधनावर आहे: योजनेतल्या विमानतळांवर राज्यांनी व्हॅट १ टक्का किंवा त्याहून कमी करायचा. ती सवलत कंपनीच्या खर्चात मुरते आणि प्रवाशाच्या पावतीवर वेगळी ओळ म्हणून दिसत नाही. नांदेडच्या तिकिटावर 'झेडपी'सारखी ओळ शोधून काही हाती लागणार नाही.

अमेरिकेतले हे कर काँग्रेस ठरावीक मुदतीसाठी वाढवत असते. मे २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ते ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवले आहेत. तोवर दर वर्षाच्या सुरुवातीला दोनच गोष्टी नव्याने बघायच्या: सेगमेंट कराचा नवा दर आणि ग्रामीण विमानतळांची त्या वर्षाची यादी.